दुधवाल्याचं पुढं काय झालं

आमच्या उदगीरच्या घराला लागून राहणारे वैजनाथअप्पा टीव्हीवर जुनी विनोदी मालिका बघतात, पण नायक बोलायला लागला की खुशाल उठून आंघोळीला जातात. मालिकेतल्या दाराची बेल वाजली, की मात्र टॉवेलवर पळत येतात. "गप बसा समदे," टीव्ही बघायला आलेल्या आम्हा शेजाऱ्यांना म्हणतात, "आला आपला माणूस."

आपला माणूस म्हणजे दुधवाला. मालिका दूरदर्शनच्या जमान्यातली, अप्पांच्या मुलीनं आता मोबाईलवरून टीव्हीला जोडून दिलेली. दर भागात तो दुधवाला एकदाच दारात येतो, "बाई, आज नळ आला नाही, दूध घट्ट आहे," एवढंच म्हणतो आणि जातो. अप्पांना नायकाचं नाव विचारा, डोकं खाजवतील. दुधवाल्यानं सदरा कधी बदलला, ते लगेच सांगतील. "आज आवाज बसलाय बघा त्याचा," ते मला म्हणतात. "तरीबी आला. लई मोठा माणूस हाय ताई ह्यो." मला तर त्या भागात दुधवाला आला होता, हेच आठवत नसतं. एका माणसानं दुसऱ्याकडे इतकं बघावं, याचं मला अजून नवल वाटतं.

अप्पांचा राग एकाच गोष्टीचा. त्या घरात दुधवाल्याला कुणी बस म्हणालं नाही. "च्या ऱ्हाऊ द्या, पाणी तरी इचारावं का न्हाई?" पुढे तो यायचाच बंद झाला. घर तेच, माणसं तीच, मजेत चहा पिऊन राहिली. "एकानं तरी म्हणावं, तो कुठं गेला म्हणून," अप्पा आजही कळवळून सांगतात.

ही चूक ते आपल्या दारात दुरुस्त करतात. सिलेंडरवाल्याला खुर्ची, मीटर बघायला येणाऱ्या बाईला चहा आणि वर सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे. आमच्या गल्लीत सिलेंडर उशिरा येतो, त्यात एजन्सीचा काही दोष नाही. कुरिअरवाला एकदा घाईत पाकीट भिंतीवरून टाकून निसटला, तर अप्पा सुशीलाची बशी घेऊन चौकापर्यंत त्याच्या मागे गेले.

अप्पा स्वतः शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. शाळेच्या सगळ्या ग्रुप फोटोंत ते कडेला अर्धेच आलेत. काकू गेल्यापासून घरात एकटे असतात.

मागच्या महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते मुलीकडे नांदेडला निघाले. कुलूप लावता लावता म्हणाले, "कुणाला सांगू नका ताई. आपण नसलो तर कुणाला काय कळतंय." रिक्षात बसल्यावर मात्र डोकं बाहेर काढलं. "कुणी आपणहून इचारलंच, तर तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवसापासून आमची बेल वाजायला लागली. सिलेंडरवाला म्हणाला, "अप्पा दिसंनात कुठं?" मीटरवाल्या बाईनं ऑपरेशनचं ऐकलं आणि उंबऱ्यावरच बसली. "एकटे गेले का हो? सोबत कोण हाय?" दुसऱ्या खेपेला त्यांच्यासाठी लिंबाचं लोणचं देऊन गेली. कुरिअरवाला तर आमचं काही टपाल नसताना गाडी थांबवायचा. "मावशी, आले का अप्पा?" अप्पांनी आयुष्यभर काय कमावलं होतं, ते मी दारात उभी राहून बघत होते, आणि खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटला.

अप्पा काळा चष्मा लावून परत आले. लोणच्याची बरणी हातात देऊन मी त्यांना सगळं सांगितलं. किल्ली कुलपात तशीच राहिली.

"कोण कोण म्हणलात?"

मी सांगितलं.

"कुरिअरवाला बी?"

"हो. रोज."

"पुन्यांदा सांगा बरं. पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून सांगितलं. अप्पा बरणी छातीशी धरून ऐकत होते. काळ्या चष्म्याखालून गालावर पाणी ओघळलं.

"रडायचं न्हाई म्हणून डाक्टरनं सांगितलंय हो ताई," ते म्हणाले, "आता काय करावं?"