खिंडीतून सुटलेली तळी

सन एकोणीसशे बेचाळीसचा वैशाख. लढाईमुळे रॉकेल दिसेनासं झालं होतं, म्हणून त्या वर्षी मुरबाडकडच्या वाड्यांत लग्नाची हळद उजेड आहे तोवर उरकून घेत. टोकावड्याच्या अलीकडे, खिंडीखालच्या वाडीत धोंडीबाईच्या जिवलीची हळद होती, आणि नेमकं त्याच सकाळी घरचं जातं फुटलं.

फुटलं म्हणजे धोंडीबाईच्या दिराने, जयरामने, फोडलं. खुंटा जरा हलत होता. धोंडीबाई म्हणाली, "भावजी, हलक्या हातानं ठोका." जयरामने पहार उलटी धरून असा घाव घातला की खुंटा जागच्या जागी राहिला आणि वरच्या तळीची, म्हणजे फिरणाऱ्या दगडाची, दोन शकलं झाली.

"जोर थोडा जास्त लागला, वैनी," जयराम म्हणाला. तो मुरबाडच्या शाळेत चार बुकं शिकला होता. "वस्तूवर जेवढा जोर लावावा, तेवढाच ती उलटा लावते. आता दगुडच कच्चा, त्याला आमी काय करनार?"

"दगुड कच्चा नाय, डोकं कच्चं!" धोंडीबाई कडाडली. "लग्नाची हळद घरच्या जात्यावर दळायची. आता काय तुमच्या बुकावर दळू? निघा दोगंबी टोकावड्याला. पाथरवटाकडं जोडी तयार असंल. नि दिवस मावळायच्या आत जातं नाय आलं, तर मांडवात पाय नका ठेवू!"

'दोघंही' यातला दुसरा म्हणजे तिचा नवरा विठू. तो कधी फारसा बोलत नसे. त्याने चुंबळ उचलली आणि निघाला.

दुपार टळली तरी दोघांचा पत्ता नाही. घरात सवाशिणी जमल्या होत्या, हळकुंडं फुटून तयार होती, आणि धोंडीबाईचा राग उतू चालला होता. शेवटी पदर खोचून ती स्वतःच खिंड चढली.

वर पोचते तो समोरून विठू येत होता, डोक्यावर खालची तळी, मान खांद्यांत रुतलेली. त्याच्यामागे जयराम. त्याने वरची तळी कडेवर उभी केली होती, तिच्या तोंडात दांडका घातला होता, आणि चाकासारखी ती लोटत शीळ घालत चालला होता.

"मेल्या, नवं जातं रस्त्यानं लोटत आणतोस?" रागाच्या भरात धोंडीबाईच्या तोंडचं 'तुमी' गळून पडलं. "लक्षुमी हाय ती! डोक्यावर घे!"

"वैनी, चढावर लोटत आणली, आता उतारावर डोक्यावर घिऊ? उतारावर तर ती आपसूक जाईल. आपण नुसतं धरायचं."

"धरतोस काय! तुलाच धरते नि बडवते! दे तो दांडका!"

आणि धोंडीबाईने दांडका खसकन ओढला.

दांडका हातात आला. तळी मात्र एकटी उभी राहिली. जरा डुलली, नव्या नवरीसारखी एक पाऊल पुढे गेली, आणि उताराला लागली.

"धरा!" धोंडीबाई ओरडली.

"धरू नका!" जयराम तिच्याहून मोठ्याने ओरडला. "बाजूला व्हा! वजन हाय तिच्यात नि वर वेग! हाडं मोडतील!"

धोंडीबाई दांडका उगारून तळीमागे धावली. खिंडीच्या पायथ्याला भिमाच्या गोवऱ्यांचा ढीग होता. तळी त्यातून आरपार गेली. भिमा बाहेर येऊन बघतो तर गोवऱ्यांच्या धुरळ्यात दांडका घेतलेली धोंडीबाई. तो तसाच आत गेला आणि त्याने कडी लावली.

"आता थांबंल," मागून जयराम ओरडला.

थांबली नाही. तळीने धोंडीबाईच्याच मांडवाची कोपऱ्यातली मेढ उडवली. मांडव एका अंगाला कलला, जांभळीचे टहाळे सवाशिणींच्या डोक्यावर आले, आणि पाटावर बसलेली जिवली किंचाळली, "आये, जातं पुढं गेलं गो!"

"दिसतंय मला! आंधळी नाय मी!"

वाडीच्या शेवटच्या घरापुढे पेंढ्याची गंजी होती. तळी तिच्यात घुसली, गंजीने तिला पोटात घेतलं, मग हळूच बाहेर टाकलं. पडवीच्या तोंडाशी ती चारदा गरगरली आणि मांडल्यासारखी सपाट बसली. ते घर बाईजाचं होतं.

बाईजा म्हणजे धोंडीबाईची चुलत जाऊ. एका बारशाला तिने चारचौघींत म्हटलं होतं की धोंडीच्या हातचं दळण म्हशीला घालावं इतकं भरड असतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

धोंडीबाई धापा टाकत पोचेपर्यंत बाईजाने तळीला हळदकुंकू वाहून वर फूलही ठेवलं होतं.

"भावजी," समोर उभ्या असलेल्या बाईजाकडे न बघता धोंडीबाई म्हणाली, "तिला सांगा, माझी तळी माघारी दे."

"जयराम," बाईजा म्हणाली, "तिला सांग, पुजलेलं जातं दळण झाल्याबिगर हलवत नसतात. हलवलं तर नवरीचं पाऊल उंबऱ्यात अडतं. मला काय, लेक तिची हाय."

"तिला सांगा, पुजायला कुनी सांगितलं?"

"तिला सांग, लक्षुमी आपल्या पायानं दारात आली, तिला काय लाथ मारू?"

"आमी काय सांगू?" जयराम म्हणाला. "तुमी दोघी ऐकताय की."

"तू गप!" दोघी एकदम ओरडल्या. बारशानंतर एकमत झालं ते हे पहिलंच.

ऊन आंब्याच्या शेंड्यावर गेलं. मागोमाग सवाशिणी आल्या, सूप आलं, कललेल्या मांडवातून जिवलीही आली आणि मुसमुसू लागली. जयरामने डोकं खाजवलं. "वैनी, ही वर न्यायला बळ लागंल. पन ती दुसरी हिथं आणायला..."

"तिच्या दारात माझी हळद? मेले तरी नाय!"

"धोंडे," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. विठू उभा होता. खालची तळी अजून त्याच्या डोक्यावरच होती. ती उतरवायला हात लावावा, हे इतक्या गोंधळात कुणाला सुचलंच नव्हतं.

"माझी मान गेली," विठू म्हणाला, पडवीत शिरला, आणि वरच्या तळीशेजारी खालची तळी ठेवून तिथेच आडवा झाला.

बाईजाने लगेच तिलाही कुंकू लावलं.

सवाशिणींनी खालच्या तळीवर वरची चढवली आणि खुंटा बसवला. धोंडीबाई दाणकन जात्याशी बसली. समोर बाईजा बसली. "माझ्या दारात जातं फिरंल तर माझाबी हात लागंल," ती म्हणाली, तेही जयरामला. खुंटा एकच, त्यावर दोघींचे हात. धोंडीबाईने रागाने ओढलं, बाईजाने त्याहून रागाने. जातं असं घुमू लागलं की सवाशिणींना हळकुंडं टाकायला फुरसत मिळेना. मग धोंडीबाईने गळा काढला,

"चोराच्या गो पडवीला हळद माझी पिवळी,
चोरटीचे हात राबती, नवरी माझी जिवली."

बाईजा कसली ऐकते?

"आली तळी धावत, तिनं घर वळखिलं गो,
मालकिणीच्या तोंडाला भिऊन पळाली गो."

सवाशिणी तोंडाला पदर लावून हसू लागल्या. हळद संपली तरी हात थांबेनात, कारण आधी सोडणार कोण? कुणीतरी तांदूळ ओतले, ते झाले. मग नाचणी ओतली.

"फिरती वस्तू अडवल्याबिगर थांबत नसते," जयराम हळूच म्हणाला.

"मग अडव की!" दोघी म्हणाल्या. तो दोन पावलं मागे सरला.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा जिवलीला हळद लागली. अशी वस्त्रगाळ हळद वाडीत पुन्हा झाली नाही.

जिवली किन्हवलीला नांदली, नातवंडांची आजी झाली. जयराम पुढे कल्याणच्या मोटारीवर क्लीनर लागला आणि प्रत्येक उतारावर ड्रायव्हरला ब्रेकचं शहाणपण सांगून त्याने तीन ड्रायव्हर बदलवले. विठूची मान एका बाजूला राहिली ती राहिलीच. तो आपल्या म्हणण्याला मान डोलावतोय असं वाटून लोक त्याच्याकडे गाऱ्हाणी घेऊन येत आणि समाधानाने परत जात. भिमाने गोवऱ्या घराच्या मागच्या बाजूला रचल्या.

जातं बाईजाच्या पडवीतच राहिलं. धोंडीबाई रोज पहाटे सूप घेऊन तिथे जाई, भांडत दळी, भांडत परत येई. पुढे वाडीत पिठाची गिरणी आली. गिरणीचं पीठ करपट लागतं, असं सांगून ती तरीही जात राहिली. बाईजा गेली त्या माघात तिचे मुलगे म्हणाले, "काकी, जातं तुमचं. घेऊन जा."

धोंडीबाईने खुंट्यावर हात ठेवला. जातं तसूभर हललं आणि थांबलं.

"बघा," ती ओरडली, "अर्धं दळण टाकून गेली. पहिल्यापास्नं कामचुकार!"

आणि रिकामं सूप तिथेच टाकून ती तरातरा निघून गेली.