खासनिसांचे नापसंत किल्ले

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे दिगंबर खासनीस यांनी आजवर इटलीतील जितके किल्ले नापसंत केले आहेत, तितके एखाद्या पराक्रमी सरदाराला हयातभर लढून जिंकताही आले नसते. हे गृहस्थ स्वतः इथे रियाधमध्ये दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतात. तिथे भिंतीत खिळा ठोकायचा तर घरमालकाची परवानगी लागते आणि ती मिळत नाही. या विषयावर घरमालकाशी माझा पत्रव्यवहार झालेला असल्यामुळे मी हे खात्रीने सांगू शकतो.

मी बर्वे. एका बांधकाम कंपनीत करारनामे तपासण्यात माझी सारी हयात गेली. खासनीस मला 'वकीलसाहेब' म्हणतात. माझ्याकडे वकिलीची सनद नाही, ही बाब मी पत्र लिहून त्यांच्या निदर्शनास आणून दिली होती. त्यांनी त्या पत्रावर 'वाचले, आवडले' असा शेरा मारून ते मला परत केले. यावरून माणसाची कल्पना यावी.

दर शुक्रवारी दुपारी त्यांच्या घरी किल्ला बघण्याचा कार्यक्रम असतो. इटलीतील जुने वाडे आणि किल्ले विकून देणारी जुलिया नावाची एक दलाल बाई त्यांना आधी कागदपत्रे पाठवते. मग शुक्रवारी ती प्रत्यक्ष त्या वास्तूतून मोबाइल घेऊन फिरते आणि खासनिसांच्या टीव्हीवर आम्हाला सारे दिसते. दापोलीकडचे अत्तराचे व्यापारी उस्मानभाई परकार नमाज आटोपून येतात. शैलावहिनी पोहे करतात, कारण बघण्याच्या कार्यक्रमाला पोहेच लागतात असा खासनिसांचा नियम आहे. माझी पत्नी सुमन गेल्यापासून शुक्रवारी माझ्याकडे चूल पेटत नाही. केवळ त्या सोयीसाठी मी तिथे जात असे.

किल्ला पडद्यावर आला की खासनीस नवऱ्या मुलाच्या मामासारखे ताठ बसतात.

"उंची चांगली आहे. घराणंही जुनं दिसतंय. स्वयंपाकघर कुठाय?"

जुलिया चालू लागते. दालन, जिना, दुसरे दालन, अंगण.

"शैला, इथून पुरी निघाली तर पानात कधी पडेल?"

"पडेल की. पापड होऊन पडेल," वहिनी म्हणतात.

"खलास. नापास."

एका किल्ल्यात चिलखते ठेवायला स्वतंत्र दालन होते, परंतु चपला काढायला जागा नव्हती. नापास. एकात भिंतभर देवदूत रंगवले होते. "हे सगळे वरून बघत असताना मी लुंगीवर कसा फिरू?" नापास. मी एकदा घाई करू लागलो, तेव्हा म्हणाले, "वकीलसाहेब, सातशे वर्षं उभा आहे तो. आपले पोहे होईपर्यंत कुठे जातोय?"

निकालाआधी खोल्यांचे वाटप होई. उस्मानभाईंना तबेल्याकडची बाजू, कारण त्यांना बकऱ्या पाळायच्या होत्या. मला नेहमी ग्रंथालयाशेजारची खोली. त्यावर मी थंडी, ओल आणि पूर्वसूचनेचा अभाव या मुद्द्यांवर हरकत नोंदवी.

"अहो बर्वेसाब, किल्ला घेतलाय कुणी अजून?" उस्मानभाई विचारत. "फुकटची खोली मिळते, तर त्यातपण भांडण?"

मला या प्रकाराचा मनस्वी संताप येई. ज्याला वस्तू घ्यायची नाही त्याने विक्रेत्याच्या माणसाला बुरूज चढायला लावणे ही फसवणूक आहे, असे मी खासनिसांना वारंवार बजावले होते. परंतु त्याहून मोठा संताप त्या कागदपत्रांचा येई. कुठे शेजाऱ्याच्या मेंढ्यांना आपल्या बागेतून जाण्याचा हक्क, कुठे विहिरीवर अकरा भावंडांची नावे. खासनीस गुरुवारी ते गठ्ठे माझ्या दारातून आत सरकवत आणि शुक्रवारी मी त्यांतील दोषांचा पंचनामा वाचून दाखवी. तो ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मला संशयास्पद वाटे.

मग तो वाडा आला. टेकडीवर, जैतुनांच्या बागेत, बेताचा आणि देखणा. स्वयंपाकघर जेवणघराला लागून. दाराशी चपलांना ऐसपैस ओसरी. देवदूत नाहीत. वहिनींनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि त्या पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या. खासनिसांना नापास करायला काही सापडेना.

दुसऱ्या दिवशी जुलियाचे पत्र आले. मजकूर सभ्य होता, पण रोखठोक. या वाड्यात काही खरा दोष आढळला तर कळवावे, ती दुसरी वास्तू आनंदाने दाखवील. दोष नसूनही नकार आला तर खासनीस ग्राहकच नाहीत असे समजून ती यापुढे काहीही दाखवणार नाही.

"म्हणजे होकार दिला तर पैसे नाहीत, आणि नकार दिला तर शुक्रवार नाही," उस्मानभाई म्हणाले.

खासनीस माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत प्रथमच त्यांचा आवाज विनंतीचा होता. "वकीलसाहेब, काहीतरी काढा."

खोटा दोष काढणे माझ्या तत्त्वात बसत नाही. मी तो गठ्ठा पुन्हा एकदा, अक्षरन् अक्षर वाचला आणि शेवटून दुसऱ्या पानावर मला खरा, भक्कम, कुठल्याही न्यायालयात टिकेल असा दोष सापडला. वाड्याची मालकीण एक वृद्ध, निपुत्रिक बाई होती. वाडा विकला तरी बागेवरच्या खोलीत मरेपर्यंत राहण्याचा हक्क तिने स्वतःकडे राखून ठेवला होता. मालमत्ता बोजासहित! शुक्रवारी मी उभा राहून ते कलम खणखणीत आवाजात वाचले. इतका आनंद मला निवृत्तीनंतर झाला नव्हता.

"हे मी आधीच वाचलंय," खासनीस म्हणाले.

"मग कळवा. रीतसर दोष आहे."

"हा दोष नाही."

"खासनीस, ती बाई तुमच्या डोक्यावर बसेल. कायद्याने बसेल."

"बसू दे. घर माणसासकट मिळतंय." त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि घडी करून ठेवला. "घरात एकटं माणूस आहे म्हणून घर नापास, हे मी नाही कळवणार. शुक्रवार बंद पडले तरी चालेल. एकट्या माणसाला अडचण म्हणायचं असतं, तर मी..."

ते चष्मा पुसू लागले.

"तर ह्यांनी हे मांडलंच नसतं, भावोजी," वहिनी म्हणाल्या. "सुमनताई गेल्या आणि तुम्ही दार उघडेनासे झालात. पत्रंसुद्धा थांबली तुमची. हे म्हणाले, माणूस रडत नाही तर नाही, निदान भांडला तरी पाहिजे. मग शोधत बसले, की सगळ्यात वाईट कागदपत्रं जगात कुठे मिळतात. त्याआधी ह्यांना इटली नकाशात दाखवता आली नसती."

"आत्ताही नाही येत," उस्मानभाई म्हणाले.

मी टेबलाशी बसलो आणि जुलियाच्या पत्राला उत्तर लिहिले. वास्तू सर्वार्थाने निर्दोष आहे. ती घेण्याची आमची ऐपत नाही, कधीही नव्हती. आपणांस झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. तथापि मालकीणबाईंना शुक्रवारी दुपारी सवड असल्यास, त्यांच्या घराविषयी आणखी ऐकण्याची आमची चौघांचीही इच्छा आहे.

खासनिसांनी ते वाचले आणि खाली सही केली. शेरा मारला नाही.

पुढच्या शुक्रवारी टीव्ही लावायला जरा वेळ लागला. पडद्यावर बागेवरची ती खोली आली. खिडकीशी काळ्या पोशाखातली एक कृश बाई काठी टेकून बसली होती आणि शेजारी जुलिया हसू दाबत उभी होती. बाई काठी आपटून बराच वेळ काहीतरी कडाडून बोलल्या. जुलियाने सांगितले, "त्या म्हणतात, दिलेली वेळ पाळायची नसेल तर लोक वेळ ठरवतात कशाला?"

तक्रार रास्त होती. मी कोटाची बटणे लावली, उभा राहिलो आणि खुलासा करण्यास सुरुवात केली.