दोन सुळक्यांचा गुणाकार

प्रेमिलाचा राग म्हणजे गणितातला डेल्टा, असं तिच्या नवऱ्याचं, प्राध्यापक वामनरावांचं, जुनं मत होतं. दिवसभर शून्य, आणि एका क्षणी आभाळाला टेकणारा सुळका. त्यांच्या आईचा, मनकर्णाबाईंचा, रागही तसलाच. दोन सुळके वेगवेगळ्या वेळी उठले तर गुणाकार शून्य. एकाच क्षणी उठले तर गणित हात टेकतं. म्हणून लकडगंजातल्या त्या घरात वामनराव सकाळी बायकोची बोलणी खात आणि संध्याकाळी आईची. (प्राध्यापकी मधल्या वेळात.)

पंच्याऐंशी सालाच्या सुमारास परदेशातली एक नवी रीत त्यांच्या वाचनात आली. सुळक्याचं आधी पसरट टेकाड करायचं, टेकाडांचा गुणाकार करायचा, मग ती हळूहळू निमुळती करत न्यायची. जे अगदीच नगण्य असेल ते शून्य धरून सोडून द्यायचं. वामनरावांनी त्यावर प्रबंध लिहिला आणि (इथेच माती खाल्ली) तीच रीत घरात वापरायचं ठरवलं.

परीक्षक मधुकरराव पुण्याहून येणार होते. वामनरावांची डॉक्टरेट त्यांच्या सहीवर अडलेली, आणि त्यांना खायचा होता सावजी रस्सा. घरात रश्शाच्या मसाल्याला एकच हात लागायचा, असा दंडक. तो हात कोणाचा, यावरून सासूसुनेचं कायम वाजायचं. वामनरावांनी बातमी पसरट केली. आज आईच्या कानात थोडं, उद्या बायकोच्या कानात थोडं, असं करत दोघींनाही "रस्सा तूच कर" म्हणून मोकळे झाले.

रविवारी दोघी पाट्यापाशी समोरासमोर आल्या.

"काहून वं, तू मसाला वाटून राहिली?"

"मले यायनंच सांगतलं, आई."

"मले बी त्यानंच सांगतलं!"

वामनराव दाराआड डोळे मिटून उभे राहिले. स्फोट काही झाला नाही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि मग दोघींनी मिळून दाराकडे.

"लहानपणापासूनच लबाड हाय हा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तू खोबरं भाज वं, मी मिरे वाटतो."

रस्सा असा जमला की मधुकरराव नाक पुसत पुन्हापुन्हा वाढून घेत होते. वामनरावांना कोणी बस म्हटलं नाही. त्यांच्या हाती पाण्याचा तांब्या दिला होता, आणि त्यांच्या देखत पातेलं रिकामं झालं.

"प्रबंधात एकच शंका आहे," मधुकरराव शेवटचा घास घेत म्हणाले. "गुणाकार समजला. पण नगण्य म्हणजे नेमकं काय? एखादं साधं उदाहरण द्या."

आत दोघी खिदळत होत्या.

"समोरच उभं आहे, सर."

मधुकररावांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि समाधानाने मान डोलावली.

"छान. आता पाणी वाढा."