कोरी बाटली

ढोक मॅडम माझ्या गाडीत बसायच्या आधी पाण्याची एक बाटली बसायची. पुढच्या सीटवर, ड्रायव्हर गजाननच्या शेजारी, पट्टा लावून. गाडी माझी, ड्रायव्हर माझा, आणि मी मागे, बर्फाच्या पेटीला गुडघे टेकवून. पहिल्या दिवशी मी म्हटलं, मॅडम, बाटली मागे ठेवू, तुम्ही पुढे बसा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, मागून तिला रस्ता कसा दिसेल?"

मी रागीट माणूस आहे. नागपूरच्या बर्डी बाजारातले फूटपाथवाले मला लांबून पाहिलं की भाव आधीच उतरवून ठेवतात. पण माझं प्रमाणपत्र या बाईंच्या हातात होतं, म्हणून गुडघे आखडून गप्प बसलो.

मी नागपूरच्या महाल भागात सायकलवर पाण्याच्या कॅना पोचवत वर आलेला माणूस. आता माझी फिरती प्रयोगशाळा आहे. एका गाडीत यंत्रं, बाटल्या, बर्फाची पेटी आणि एक केमिस्ट. गावात जायचं, विहिरीचं, हापशीचं पाणी तपासायचं आणि रिपोर्ट द्यायचा. पण तपासणाऱ्यालाही कोणीतरी तपासतं. प्रमाणपत्र असेल तर तो रिपोर्ट, नसेल तर नुसता कागद. पारशिवनीकडच्या विहिरींचं सगळं काम मला मिळत आलं होतं, ते फक्त या प्रमाणपत्रावर अडलं होतं. आणि मी त्या लायकीचा आहे की नाही, हे बघायला ढोक मॅडम आल्या होत्या.

उंच, सडपातळ बाई. खांद्याला कापडी पिशवी, हातात पांढरी छत्री. चालताना मध्येच थांबून नालीकडेसुद्धा असं बघायच्या, की जणू ओळखीचं कोणी वाहून चाललंय. कुठे राहतात, घरी कोण आहे, कोणालाच माहीत नव्हतं. मी घाई केली की एकच वाक्य: "सावकाश भाऊ. पाणी कुठं पळून राहिलं?" पाणी पळतंच, हे त्यांना कोण सांगणार?

आल्या आल्या त्यांनी बर्फाच्या पेटीतला थर्मामीटर उचलला आणि त्याचं प्रमाणपत्र मागितलं. मी दाखवलं. मग हा थर्मामीटर ज्या थर्मामीटरशी जुळवून पाहिला, त्याचं प्रमाणपत्र मागितलं. माझ्या लग्नात मुलीकडच्यांनी माझी इतकी चौकशी केली नव्हती. संध्याकाळपर्यंत त्यांनी सात त्रुटी लिहिल्या. मी सवयीने म्हटलं, "मॅडम, सात जास्त होतात. चारवर जमवू."

त्या रागावल्या नाहीत. खरोखर विचार करत असल्यासारख्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे भाऊ, सात नाही." मी खूश. "आठ आहेत. हात धुवायचा साबण संपला आहे."

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे त्या काही घेतच नसत. चहा नाही, तर्री-पोहे नाही, संत्र्याची फोडसुद्धा नाही. मी आग्रहात कोणाला हार गेलेलो नाही, पण या बाईंपुढे माझी प्लेट तशीच परत यायची. घरून आणलेली पोळी आणि लोणचं त्या लांब झाडाखाली बसून खायच्या, पाठ आमच्याकडे करून. पाणीही स्वतःच्याच डब्यातलं. तपासणाऱ्याने कोणाकडचं काही घ्यायचं नाही, हा नियम मला ठाऊक होता. पण मॅडमनी तो स्वतःच वाढवून घेतला होता. ज्या गावाचं पाणी तपासायचं, त्या गावात घोटभरही प्यायचं नाही.

हे पहिल्यांदा कळलं ते कौसाबाईच्या विहिरीवर. पारशिवनीच्या पुढे, कालव्याला लागून तिचं शेत. एकटी म्हातारी, पण आवाज खणखणीत. गाडी दिसताच तिने तांब्याभर पाणी आणि बशीत गूळ आणला. आम्ही सगळे प्यालो. मॅडमनी हात जोडले.

"पाणी तं घे वं बाई. उन्हाची आली तू."

"नको आजी. कामावर आहे."

"कामावरच्या मान्साले तहान नाही लागत का?" कौसाबाई म्हणाली आणि बशी घेऊन आत गेली. मॅडम बराच वेळ त्या दाराकडे बघत उभ्या राहिल्या.

आता बाटलीचं सांगतो, कारण माझं भांडण त्या बाटलीवरूनच आहे. तिला आमच्यात कोरी बाटली म्हणतात. प्रयोगशाळेतलं अगदी शुद्ध पाणी तिच्यात भरायचं आणि नमुन्याच्या बाटल्यांबरोबर गावाला न्यायचं. विहिरीजवळ तिचं झाकण उघडायचं, तिथली हवा लागू द्यायची, पुन्हा बंद करून परत आणायचं आणि इतर पाण्यासारखंच तपासायचं. तिच्यात घाण निघाली तर ती विहिरीची नाही, आपल्या हातांची.

केमिस्ट विहिरीतून नमुने भरत होता, म्हणून ती बाटली मी घेतली. समोर कौसाबाईच्या बकऱ्या धूळ उडवत होत्या. इतकं स्वच्छ पाणी त्या धुळीत उघडायला माझा जीव होईना. मी ती तशीच रुमालात गुंडाळून नागपूरला आणली. तपासणीत काही म्हणजे काही निघालं नाही. मी छाती काढून मॅडमपुढे उभा राहिलो.

त्यांनी नोंदवहीत विहिरीवर झाकण उघडल्याच्या वेळेच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"उघडली नाही?"

"नाही न मॅडम. म्हणून तर स्वच्छ राहिली."

"मग ही गावाला गेलीच नाही भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "नुसती गाडीत बसून आली."

आणि लिहिलं. प्रमाणपत्र हिवाळ्यापर्यंत लांबलं, तोवर निम्म्या विहिरींचं काम दुसऱ्याने नेलं. स्वच्छ पाणी स्वच्छ ठेवलं म्हणून माणूस नापास झाल्याचं तुम्ही कधी ऐकलं आहे? मी महालात भेटेल त्याला हे ऐकवलं. अजूनही ऐकवतो.

हिवाळ्यात त्या पुन्हा आल्या. पुढे बाटली, मागे आम्ही. शेतांवर धुकं होतं, संत्र्याच्या बागा त्यात अर्ध्या बुडालेल्या. कालव्याचं पाणी वाफाळत आमच्या सोबत चाललं होतं. मॅडमनी काच खाली केली. हे पाणी कोणत्या डोंगरावर पडलं असेल, जमिनीखालून किती वर्षं चालत कौसाबाईच्या विहिरीत आलं असेल, असं काहीतरी त्या स्वतःशीच बोलत होत्या. मला थंडी वाजत होती, पण काच लावा म्हणायचं सुचलं नाही. थोड्या वेळाने मलाही वाटायला लागलं, की आपली गाडी रस्त्यावरून नाही, पाण्यावरून चालली आहे.

विहिरीवर त्यांनी बाटली माझ्याच हातात दिली. मी झाकण उघडलं. बकऱ्या होत्याच. गजाननने गाडी बंद केली. त्या उघड्या बाटलीवर ऊन पडलं आणि मॅडम श्वास रोखून तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुरे. लावा आता." कौसाबाईने पुन्हा गूळ-पाणी आणलं, मॅडमनी पुन्हा हात जोडले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत निकाल वाचले. विहीर चांगली. कोरी बाटली उघडूनही कोरी. मॅडमनी शिफारशीवर सही केली, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, ही शेवटची. आतापासून तपासणीचं काम बंद.

मी कागद घ्यायला हात पुढे केला. त्यांनी विचारलं, "भाऊ, पारशिवनीकडे चालता का आता?"

मला वाटलं, आणखी एक त्रुटी. डोकं तापलं, पण गाडी काढली. मागचं दार उघडायला गेलो तर त्या पुढे बसल्या होत्या, बाटलीच्या जागी, पट्टा लावून. पिशवी आणली नव्हती. पाण्याचा डबाही नव्हता.

कौसाबाई अंगणात तुरीच्या शेंगा निवडत होती. मॅडम तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"आजी, पाणी द्या न."

"काल काहून नाही घेतलं वं?"

"काल कामावर होते."

कौसाबाईने तांब्या आणला, बशीत गूळ आणला. मॅडमनी पाणी उजेडात धरलं नाही, वास घेतला नाही. डोळे मिटून प्यायल्या. हनुवटीवरून ओघळ पदरावर गेला, तो पुसलाही नाही. मी घड्याळ बघायचं म्हणून हात वर केला आणि तसाच खाली आणला.

"नाव काय वं तुझं?" कौसाबाईने विचारलं.

मॅडम जरा गोंधळल्या. गावोगाव फिरलेल्या त्या बाईंना हे कोणी विचारलं नसावं. मीही नाही. माझ्या कागदांवर नुसतं एस. ढोक आहे.

"सुशीला," त्या म्हणाल्या.

"घे सुशीला," कौसाबाईने तांब्या पुन्हा पुढे केला. "अजून घे."