देशमुख मॅडमचा रॉकचा तास

रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर आधी शिट्टी वाजायची. कबड्डीच्या पंचाची असावी तशी, लांब आणि करारी. मग स्पीकरवर इलेक्ट्रिक गिटार सुरू व्हायची. थोड्या वेळाने सात-आठ कोवळे आवाज एकदम म्हणायचे, "मुकर्रर!" गिटार थांबायची, मागे जायची, आणि तोच तुकडा पुन्हा वाजायचा.

हर्सूलच्या रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत नवा भाडेकरू आला, की पहिल्याच रविवारी तो चौकशी करत जिन्यात उभा असायचा. त्याला सांगावं लागायचं, की वर शकुंतला देशमुख मॅडमचा तास चालू आहे. विषय इंग्रजी रॉक आणि पॉप संगीत. विद्यार्थी सहावी ते नववीचे. फी नाही, पण गैरहजेरीचं कारण विचारलं जातं.

मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये पीटी शिकवून निवृत्त झाल्या. मूळच्या पिशोरच्या, घरची शेती मोठी. लग्न केलं नाही. तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या घरात एकट्या राहतात. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालतात आणि गळ्यात शिट्टी असते. ती भाजी आणायला जातानाही काढत नाहीत. मुलं त्यांना आत्या म्हणतात, मोठी माणसं मॅडम. कुणी काकू म्हटलं तर त्या ओ देत नाहीत.

इंग्रजी त्यांना बेताचंच येतं आणि ते त्या लपवत नाहीत. एका विद्यार्थ्याच्या आईने विचारलं होतं, की शब्दच कळत नसतील तर शिकवता तरी काय?

"सनई ऐकताना कुणी व्याकरण इचारतं का?" मॅडम म्हणाल्या, आणि तास पुढे चालू केला.

तासाची पद्धत ठरलेली आहे. सतरंजीवर मांडी, डोळे बंद. पहिल्यांदा गाणं फक्त पायाने ऐकायचं. गाण्याबद्दल कुणी माहिती सांगू लागलं, तर मॅडम त्याला तिथेच थांबवतात. "लई शहाणं नका होऊ. पाय हालतो का नाय, तेवढं सांगा." पाय हलला नाही तर गाणं बाद, मग ते जगात कितीही गाजलेलं असो. दुसऱ्यांदा बास गिटार ऐकायची. तिला मॅडम बांध म्हणतात. बांधाकडे कुणी बघत नाही, पण तो फुटला की सगळं रान वाहून जातं, असं त्यांचं स्पष्टीकरण. ड्रम म्हणजे बैलजोडी. गाणारा म्हणजे पाहुणा, कारण सगळी धावपळ आपल्यासाठीच चालली आहे असं त्याला वाटत असतं. आठवीतल्या मुग्धाने एकदा या पाहुण्याचा आवाज गोड असल्याचं सांगितलं. पाहुण्याला बसू दे, तू घर बघून ये, असं मॅडमनी तिला सुनावलं.

मुकर्ररचा नियम शहराने दिलेला आहे. तरुणपणी मॅडम इथल्या मुशायऱ्यांना जात आणि मागच्या रांगेत बसत. शेर आवडला की लोक मुकर्रर म्हणत आणि शायर तो पुन्हा वाचत असे. मॅडमना हा व्यवहार पटला. आवडलेलं पुन्हा मागायचं आणि मोठ्याने मागायचं. गाणं ऐकून गप्प बसणं म्हणजे त्यांच्या लेखी यजमानाशी न बोलता पंगतीतून उठून जाणं. त्यामुळे त्यांच्या तासाला एक गाणं संपायला अर्धी सकाळ लागते.

हे सगळं त्यांना कुठे भेटलं, तर अजिंठ्याला. पहिली नेमणूक तिथली, आणि खोली एका लॉजच्या मागे होती. परदेशी पाहुणे जाताना कॅसेटी विसरून जात. लॉजमालकाला त्यांचा उपयोग नव्हता. फराळाच्या डब्यात ठेवलेल्या त्या कॅसेटींवर मॅडमनी अनेक पावसाळे काढले. शाळेतल्या इतर शिक्षकांना एकदा ऐकवून बघितलं. त्यांनी टेप बिघडलाय का, असं विचारलं. त्यानंतर मॅडमनी मोठ्या माणसांचा नाद सोडला.

मोठ्या माणसांनी मात्र त्यांचा सोडला नाही. तक्रारी दोन प्रकारच्या होत्या. आवाजाची तक्रार म्हाताऱ्यांची, अभ्यासाची आईबापांची. सोसायटीचे सेक्रेटरी कुलकर्णी हे बँकेतून निवृत्त झालेले, सभ्य गृहस्थ. त्यांनी मॅडमना समजावून पाहिलं, की गच्ची सामाईक आहे. मॅडम म्हणाल्या, म्हणूनच तर तिथे घेते, घरी घेतलं असतं तर ते खासगी झालं असतं. शेवटी कुलकर्णींनी विषय वार्षिक सभेत ठेवला. गच्चीला कुलूप लावायचं की नाही, यावर मतदान होणार होतं.

सभेआधी कुणीही शहाणा माणूस चार दिवस शांत बसला असता. मॅडम मुलांना घेऊन एका कॉलेजच्या मैदानावर गेल्या. तिथे शहरातल्याच तरुणांचा एक बँड इंग्रजी गाणी वाजवणार होता. मुलांनी खांद्यावरून सतरंजी नेली. सगळं मैदान उभं राहून नाचत होतं, आणि स्टेजसमोर ही मुलं मांडी घालून, डोळे मिटून बसली होती. गिटारवाल्याने एक अवघड तुकडा वाजवला. मुलांनी हात वर करून मुकर्ररचा पुकारा केला. बँड पुढे गेला. मुलांनी पुन्हा पुकारा केला. मुलं हुल्लड करतायत असं स्वयंसेवकांना वाटलं, आणि एकाने सतरंजीचं टोक धरून सगळ्यांना उठायला सांगितलं.

मॅडम सतरंजीवर उभ्या राहिल्या. "पोरगं चांगलं वाजवतंय, परत वाजव म्हणतेत लेकरं. ह्यात शिवी कुठं आली ते दाखव मला."

तेवढ्यात गाणं थांबलं होतं. गिटारवाल्याने माइकवरून काय झालं ते विचारलं. मुग्धाने उभं राहून सांगितलं. मग त्याने तोच तुकडा पुन्हा वाजवला, आधीपेक्षा बरा. मैदानाला खेळ समजला, आणि पुढच्या गाण्याला मुकर्रर चारी बाजूंनी आलं. घरी परतताना मुलांचे घसे बसले होते.

याचा व्हिडिओ कुणीतरी काढला. तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला, आणि सभेत कुलकर्णींनी तो पुरावा म्हणून लावला. आपली मुलं भर मैदानात ओरडतायत, हे सगळ्यांनी पाहावं असं त्यांचं म्हणणं होतं. सगळे बघत होते. मॅडम मात्र टेबलाखाली बघत होत्या.

"सेक्रेटरीसाहेब, पाय हालतोय तुमचा. तेवढं इतिवृत्तात लिहून घ्या."

सभा हसली. कुलकर्णींनी पाय मागे घेतला. मग एका वडिलांनी गंभीरपणे विचारलं, की या तासाचे मुलांना कुठे मार्क मिळतात का.

"नाय मिळत," मॅडम म्हणाल्या. "ज्याचे मिळतेत ते शिकवायला अख्खं गाव बसलंय. हे कोण शिकवणार?"

यावर कुणी हसलं नाही. कुलूप लावायच्या बाजूने हात वर झाले. ज्यांची मुलं सतरंजीवर बसायची, त्यांतल्याही बऱ्याच जणांचे झाले. ठराव मंजूर झाला. मॅडमनी उठून साडीचा पदर खोचला आणि कुलूप चांगल्या कंपनीचं घ्या, असं कुलकर्णींना सांगितलं. दारातून वळून पुढचं वाक्य सगळ्यांसाठी म्हणाल्या. "कुलूप गच्चीला लागलंय, कानाला नाय."

पुढच्या रविवारी शिट्टी वाजली नाही. मुलं मात्र आली. सगळी नाही, पाच जण. गच्चीच्या दारापर्यंत गेली, कुलूप बघून खाली आली आणि जिन्यात उभी राहिली. त्यांच्या आवाजाने मी दार उघडलं. मॅडमही दारात आल्या होत्या, पायांत बूट, हातात डब्याएवढा स्पीकर. मुलं येतील अशी त्यांची अपेक्षा नसावी. त्यांनी स्पीकर आत ठेवला. मग दार पूर्ण उघडून बाजूला झाल्या.

इतक्या वर्षांत त्या दाराच्या आत गेलेलं मी कुणाला पाहिलेलं नव्हतं. दूधवाला पिशवी बाहेर ठेवतो. मुलं आत गेली आणि थोड्या वेळाने मॅडम माझ्याकडे आल्या.

"पेले द्या जरा. पाणी द्यायचंय लेकरांला."

पेले घेऊन मीच गेलो. खोली झाडून लख्ख केलेली होती. खुर्ची एक होती. ओट्यावर एक ताट, एक वाटी आणि एक पेला पालथे घातलेले होते. मुलं भिंतीला टेकून बसली होती, आणि खुर्चीत कुणीच बसलेलं नव्हतं. मॅडम मुग्धाला तिथे बसायचा आग्रह करत होत्या, ती नाही म्हणत होती. स्पीकरचा आवाज त्यांनी गच्चीवर असायचा त्याच्या निम्माही ठेवला नाही. गाणं सुरू झालं तशा त्या खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या. हातांचं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. कधी पाणी विचारत होत्या, कधी पंखा. कुणाला पाय पसरायचे असतील तर पसरा, असंही म्हणाल्या. असं त्या गच्चीवर कधी म्हणाल्या नसत्या.

तास संपला. मुलांनी बाहेर येऊन चपला घातल्या. मॅडमनी सगळ्यांना ओळीने खाली उतरायला सांगितलं, जिन्यात धांगडधिंगा नको म्हणून बजावलं, आणि पुढचा रविवारही इथेच, दहाच्या ठोक्याला, असं जाहीर केलं. मुलं एक मजला उतरली होती तेव्हा त्यांनी कठड्यावरून वाकून हाक मारली.

"दहाला म्हणलं, पण नऊला आलात तरी चालतं. मी उठलेली असते."