मथुराबाई आणि चेंबरचा नट

संध्याकाळी आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याला आधी मथुराबाईंचे पाय दिसायचे. बाकीच्या मथुराबाई ट्रॅक्टरखाली असायच्या. भेगाळलेल्या टाचा, बोटांत चांदीची जोडवी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि आतून आवाज, "बसा, च्या ठिवते. लेकराचं नाक पुसायलेय."

लेकरू म्हणजे ट्रॅक्टर. नाक म्हणजे इंजिनाच्या बुडाला, ऑइलच्या चेंबरला जो नट असतो तो. जुनं ऑइल काढून टाकायचं असलं की तो खोलायचा, एरवी घट्ट बसवून ठेवायचा. आमचा बसत नव्हता. टिपूस टिपूस काळं ऑइल गळायचं आणि खालच्या परातीत साचायचं. रोज दिवेलागणीला मथुराबाई पाना घेऊन तो घट्ट करायच्या. दुसऱ्या दिवशी नाक परत वाहायला लागायचं.

मथुराबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. मी त्यांना नुसतं बाई म्हणते. आमच्या ह्यांची अंबाजोगाईची नोकरी संपली आणि आम्ही तेलगावजवळच्या आमच्या गावात, बाईंच्या घरी राहायला आलो. तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती, पण मी स्वतःला पस्तिशीची समजायची आणि गावाला अडाणी. अंगणात सँडल घालून फिरायची. साडीला इस्त्री असायची. जेवताना चमचा मागायची. आज ती तेव्हाची शालन मला रस्त्यात भेटली, तर मी तोंड चुकवून पलीकडून जाईन.

बाईंचं सगळं बोलणं मशीनचं. माझा गुडघा दुखला की, "ग्रीस संपलं तुजं." शेजारची वच्छला बोलायला बसली की, "हिचा बिरेक कवा लागायचा?" मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याला चहा पाजून त्याच्या पाठीमागं म्हणाल्या, "आवाज लई हाय, ओढ न्हाई." मला तर त्यांनी पहिल्याच आठवड्यात शोरूममधली गाडी ठरवून टाकलं. "दिसायला बरी हाय, चिखलात उतरू दे मंग बघू."

ट्रॅक्टर दादांचा. दादा म्हणजे माझे थोरले दीर, बाईंचे मालक. पंचवीस वर्षं त्यांनी तो हाकला, खोलला, जोडला. पंचक्रोशीतल्या माणसांचे ट्रॅक्टर नुसते आवाजावरून तपासायचे. मग एके दिवशी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सगळ्या शब्दांतला एकच मागं राहिला: "थांब."

तहान लागली की थांब. पाहुण्यानं राम राम केला की थांब. त्यामुळे उठलेली माणसं परत बसायची आणि दुसऱ्यांदा चहा प्यायची. मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसायची. लाज वाटते सांगायला, पण हसायची. दादांना मात्र कळायचं की मनात एक होतं आणि तोंडातून भलतंच आलं. मग ते डोळे मिटून घ्यायचे. दिवसातून वीसदा तरी.

संध्याकाळी बाई त्यांची बाज ओढून ट्रॅक्टरशेजारी घ्यायच्या आणि खाली शिरायच्या. खालून विचारायच्या, "फिरवू का मालक? अजून फिरवू?" दादा कान देऊन पान्याचा आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "थांब." बाई थांबायच्या. रोजचं हेच. मला वाटायचं, दोघांनाही वेड लागलंय.

"बाई, मिस्त्रीला दाखवा की एकदा," मी म्हणायची.

"कावून? तुज्या ताटात गळायलंय का?"

"ऑइल वाया जातंय. अंगण काळं झालंय. लोक हसतात."

"हसू दे. ट्रॅक्टरला हात लावायचा न्हाई कुणी."

त्यांच्या भावजयीचा दहावा आला. बाई एका दिवसासाठी माहेरी गेल्या. दादांची जबाबदारी माझ्यावर. मी सँडल घालून पहिलं काम काय केलं असेल, तर तेलगावच्या मिस्त्रीला फोन. वाटलं, बाई परत येतील, कोरडा नट बघतील आणि म्हणतील, शालन, तू म्हणजे खरंच शिकलेली.

मिस्त्री आला. खाली शिरला आणि म्हणाला, "काकू, आटे तर चांगले हायेत. ह्यो ढिलाच हाय नुसता."

"असू द्या. नवा टाका."

त्यानं ऑइल काढलं, तांब्याचा नवा वायसर घातला, नवा नट आधी हातानं लावला आणि मग पान्यानं आवळायला लागला. बाजेवरून दादा ओरडले, "थांब." परत ओरडले. डावा हात उचलून, सगळं अंग हलवून, "थांब, थांब."

मिस्त्री थांबला. माझ्याकडे बघितलं.

"त्यांचं तसंच असतं हो," मी म्हणाले. "तुम्ही करा."

बाई परत आल्या तेव्हा मी परात घासून भिंतीला उभी केली होती. "हात लावून बघा बाई. थेंब नाही." त्यांनी वाकून नटावरून बोट फिरवलं. बोट कोरडं निघालं. त्या बोटाकडंच बघत म्हणाल्या, "चांगलं केलंस." एवढंच. त्या संध्याकाळी बाज ओढली नाही.

दुसऱ्या दिवशी दादांनी भाकरीला तोंड लावलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. थांबसुद्धा म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी दूधही ओठांच्या कडेनं खाली आलं. बाई पुसत होत्या. त्यांच्याही तोंडून मशीनचा एक शब्द निघत नव्हता. वच्छला येऊन तासभर बोलली, तरी तिच्या बिरेकचं कुणी नाव काढलं नाही.

मला रागच आला. "एक नट काय बसवला, घरात सुतक आल्यासारखं करताय दोघं," मी म्हणाले.

बाई चुलीपुढं बसल्या होत्या. मान वर न करता बोलल्या. "नाक कवाच बंद झालं व्हतं, शालन. सकाळी म्याच ढिलं करायची. मालकाला ठावं न्हाई."

"का पण?"

"आगं, दिसभर त्यो एक शब्द त्यांच्या तोंडातून येतो आन् कुठंच बसत न्हाई. मान्सं हसतेत. त्यांना कळतं. फकस्त म्या नट आवळताना त्यो बरुबर बसतो. ते थांब म्हणतेत, म्या थांबते. तेवढंच दिसातून एक डाव त्यांचं कुणीतरी ऐकतं."

मिस्त्री, वर झालेला डावा हात, माझं ते 'तुम्ही करा', सगळं समोर आलं.

"मग परत ढिला करा की," मी शेवटी म्हणाले.

"नवा नट कसा गळंल? त्यांच्या म्होरंच बसवलाय. बाकी काय न्हाई कळत आसंल, ह्ये कळतं. खोटं केलेलं वळकतेत."

त्या दिवशी दिवेलागणीच्या आधी मी सँडल काढली, पाना घेतला आणि इस्त्रीच्या साडीसकट ट्रॅक्टरखाली शिरले. नट हातानं हलेना. मी उताणी पडून पान्यावर लाथ मारली. दुसऱ्या लाथेला पाना निसटून कपाळावर आला. तिसऱ्या लाथेला नट हलला तो इतका, की ऑइलची धार गालावरून कानात गेली. घाईघाईनं तो परत आवळायला गेले, तर कुठल्या बाजूला फिरवायचा तेच आठवेना. कशीबशी धार कमी करून बाहेर आले. कोंबड्या मला बघून पळाल्या.

तशीच दादांच्या बाजेपाशी गेले. "दादा, माझ्याच्यानं बिघडला तुमचा नट. मिस्त्रीनं नीट आवळला का बघायला गेले आणि ढिला करून बसले. गळायला लागलाय. मला येत नाही काही." यात 'मला येत नाही काही' एवढं तरी अगदी खरं होतं.

दादांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग डोळे ट्रॅक्टरकडे नेले.

बाई उठल्या. बाज ओढली, पाना घेतला, खाली शिरल्या.

"फिरवू का मालक?"

दादा गप्प. पाना फिरला.

"अजून फिरवू?"

गप्पच. पाना परत फिरला. मला वाटलं, आता थांब म्हणणारच नाहीत. माझ्या कानात ऑइल होतं, तरी नट वायसरवर बसतानाची ती करकर ऐकू आली.

"थांब," दादा म्हणाले.

खाली पाना थांबला. मग खालूनच, जरा घोगऱ्या आवाजात, बाई म्हणाल्या, "शालन, दोन भाकरी टाक. मालक जेवतेत."

मी दोन टाकल्या. कालवण गरम केलं, ताट वाढलं. बाई अजून खालीच होत्या. मी हाक मारली नाही.