शेततळ्यातला देवमासा

"उद्या मी एकटा तळ्यातले सगळे मासे एका जागी गोळा करतो. तू फक्त बसून पाहा!" असं मी बायकोला, पद्माला, छाती ठोकून सांगितलं.

"जाळं ओढायला दोन काठांवर दोन माणसं लागतेत," ती म्हणाली. "मोठ्या भाऊजींना आवाज द्या न."

"नाव काढू नको त्याचं!"

नरसिंगदादा माझा थोरला भाऊ. शेततळं दोघांचं, मासेही दोघांचे. पण हिवाळ्यात हळदीच्या पिकाला तळ्याचं पहिलं पाणी कुणी द्यायचं यावरून आमचं वाजलं, बोलणं बंद झालं. आता उन्हाळ्यात तळ्यात छातीएवढंच पाणी उरलं होतं. आणखी आटलं तर मासे मरणार, हे दोघांनाही दिसत होतं. पण आधी तोंड कोण उघडणार? दादा पलीकडच्या बांधावरून तळं पाहून जायचा, मी अलीकडच्या.

उपाय मला मोबाइलवरच्या एका व्हिडिओत सापडला. समुद्रातला देवमासा, एसटीएवढा! तो माशांच्या थव्याखाली गोल फिरत बुडबुडे सोडतो. मासे बुडबुड्यांना भितात, मधोमध दाटीवाटीनं गोळा होतात. मग हा खालून जबडा वासून येतो आणि पाण्यासकट सगळे तोंडात घेतो. वरच्या जबड्याला दातांऐवजी खराट्यासारखी झालर असते. तिच्यातून पाणी बाहेर, मासे आत!

"अन तुमी काय तोंडानं धरता का?" पद्मानं विचारलं.

मी जवळा बाजार गावाहून हिरासिंग पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणला. ठिबकच्या नळीचं मोठं वेटोळं तळ्यात बुडवलं. नळी हलू नये म्हणून तिचा कॉम्प्रेसरशी काठावरचा जोड तळ्यात अंथरलेल्या काळ्या प्लॅस्टिकखाली खोचला. ही अक्कल माझी, देवमाशाची नाही!

कॉम्प्रेसर सुरू! बुडबुडे फसफसून वर आले. मासे मात्र मधोमध जाईनात! उन्हानं गुदमरलेली ती लेकरं उलट बुडबुड्यांतच घुसली आणि मजेत हवा खात बसली. मी हवा वाढवली. फट्! जोड निसटला आणि सगळी हवा प्लॅस्टिकखाली घुसली.

"अवो, पाण्यातून काय वर येऊन राहिलं?" पद्मा किंचाळली.

काळी, गुळगुळीत पाठ वर येत होती. फुगत फुगत बैलगाडीएवढी झाली! मी नळी उपटायला धावलो, पाय घसरला आणि थेट पाण्यात. पाणी बुडण्याएवढं नव्हतं, पण प्लॅस्टिक शेवाळलेलं. जेवढं चढावं तेवढं घसरावं. दम संपला आणि मी खरंच घाबरलो. तोंडातून आपोआप निघालं, "दादा!"

दादा पलीकडच्या बांधावर होताच. त्यानं पळत येऊन दोरखंड फेकला. "कंबरेला बांध! भिऊ नको, मी हाय!"

मला वर ओढून तो धापा टाकत म्हणाला, "काहून एकटाच उतरला रे? तुला काही झालं असतं तर मी कोणासंगं भांडलो असतो?"

मला रडू आलं. तोंड ओलंच होतं म्हणून निभावलं.

त्याच संध्याकाळी दोन काठांवरून आम्ही जाळं ओढलं. जेवताना दादा म्हणाला, "दाखव तुझा देवमासा." व्हिडिओ मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिला. एकटा देवमासा नव्हताच तिथं! एक बुडबुडे सोडत होता, बाकीचे मासे हाकत होते आणि शेवटी सगळे एकदमच जबडे वासून वर येत होते. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी ताटातला काटा शोधू लागलो.

हात धुताना तो म्हणाला, "यंदा हळदीला पैलं पाणी तू घे."

"न्हाई दादा, तू घे."

"मी मोठा हाय. तू घे!"

"तू घे म्हणतो न!" माझाही आवाज चढला.

पद्मा भांडी टाकून बाहेर आली. "कोणतं पाणी? तुमच्या त्या जोडानं प्लॅस्टिक फाडलं! जाऊन पाहा, तळं रिकामं होऊन राहिलं!"